चंद्र मोजला म्हणजे लिपी वाचली असे नाही

न वाचलेल्या लिपीत कोणाला कालगणना दिसली की तो दावा आपल्याकडे फारशी चौकशी न होता स्वीकारला जातो. अक्षरांबद्दल वाद घालता येतो, आकड्यांबद्दल काय वाद घालणार, असा त्यामागचा भाव असतो. चंद्र सगळ्यांचा एकच, तो सगळीकडे साडेएकोणतीस दिवसांतच फिरून येतो. मग अनोळखी लिपीत शिरायला पंचांगाइतका खात्रीचा दरवाजा दुसरा कोणता? जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सिंधू लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले, त्यामुळे अशा दाव्यांना आता आणखी जोर येईल.

हा समज मला उथळ वाटतो. आकाश सर्वांचे सारखे आहे, नेमक्या याच कारणाने आकाशाशी जुळणारा आकडा फारसे काही सिद्ध करत नाही. माझे म्हणणे दोन भागांचे आहे. पहिला भाग असा: एखाद्या लेखातली कालगणना पुरावा ठरते ती चंद्राशी जुळली म्हणून नव्हे, तो लेख लिहिणाऱ्या लोकांची मोजण्याची खास रीत आपल्याला दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र नोंदीतून ठाऊक असेल आणि लेख त्या रीतीशी जुळत असेल, तरच. दुसरा भाग: एवढी जुळणी झाली तरी तिच्यातून लेखाचा विषय कळतो, लिपीचा उच्चार कळत नाही. हे दोन्ही दाखवायला मी पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटाची, म्हणजे रापा नुईची, रोंगोरोंगो लिपी घेणार आहे. न वाचलेल्या लिपींपैकी कालगणनेची सर्वांत भक्कम ओळख तिच्यातच पटलेली आहे. पण सुरुवात घरातून, भिवंडी तालुक्यातून करतो.

१. आकडे फार स्वस्त असतात

आधी एक हिशेब. दोन अयने, तीन चातुर्मास, चार युगे, पंचांगाची पाच अंगे, सहा ऋतू, सात वार, आठ प्रहर, नऊ ग्रह, अकरा करणे, बारा राशी, अधिक महिन्याच्या वर्षाचे तेरा महिने, चौदा मनू, पंधरा तिथींचा पक्ष. एक आणि दहा सोडले तर पंधरापर्यंतच्या प्रत्येक संख्येला आपल्या परंपरेत काळाचा काही ना काही अर्थ चिकटलेला आहे. पुढे सत्तावीस नक्षत्रे, अभिजित धरले तर अठ्ठावीस, मग महिन्याचे एकोणतीस किंवा तीस दिवस, साठ घटिका आणि साठ संवत्सरे. अशी यादी हाताशी असताना कोणत्याही लेखात 'पंचांग' सापडणार नाही असे होणेच कठीण आहे. चिन्हे कुठून मोजायला सुरुवात करायची, कोणती दोन चिन्हे एकच धरायची, कोणते चिन्ह 'विरामचिन्ह' म्हणून सोडून द्यायचे, हे सगळे वाचणाऱ्याच्या हातात असेल तर तीसही निघतात आणि सत्तावीसही.

पुनरावृत्तीचेही तसेच. भिवंडीत डॉबीवर, म्हणजे मागाच्या नक्षी काढणाऱ्या जोडणीवर, विणलेल्या कापडात ठरावीक धाग्यांनंतर नक्षी फिरून येते. ते धागे मोजले तर यंत्राची मांडणी कळते, कापड कोणासाठी विणले हे कळत नाही. लेखात एखादा चिन्हसमूह पुन्हा पुन्हा येत असेल तर तो ध्रुवपद असू शकतो, वंशावळीतला 'त्याचा मुलगा' असू शकतो, दानाच्या यादीतला 'इतके दिले' असू शकतो, आणि 'पुढची रात्र' हाही असू शकतो. पुनरावृत्तीतून एवढेच कळते की इथे रचना आहे.

२. एक चंद्र, एका गावात तीन रिती

आकाश सारखे असले तरी मोजणी सारखी नसते, हे कळायला भिवंडीसारखे गाव नाही. इथे मराठी माणसाचा महिना अमावास्येला संपतो. यंत्रमागावर काम करायला उत्तर प्रदेशातून, बिहारातून आलेल्या हिंदू कामगाराचा महिना पौर्णिमेला संपतो. म्हणून त्याचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी सुरू होतो. मुसलमान शेजाऱ्याचा महिना संध्याकाळी चंद्रकोर दिसल्यावर लागतो, आणि चालू महिना एकोणतीसचा की तीसचा हे त्या संध्याकाळी ठरते. महाशिवरात्र एकाच रात्री असते, पण मराठी पंचांगात ती माघ वद्य चतुर्दशी आणि उत्तरेकडच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. चंद्र एकच, आणि त्याच्या तीन वेगवेगळ्या कागदी नोंदी एकाच गल्लीत.

याचा अर्थ असा की 'हा लेख चांद्रमासाचा आहे' एवढे म्हणून काहीच साधत नाही. महिना कुठे तुटतो, रात्रींना नावे आहेत की क्रमांक, जादा दिवस कुठे घालतात, हे तपशील आकाश ठरवत नाही, माणसे ठरवतात. पुरावा असलाच तर तो या तपशिलांत असतो.

वाचता येणाऱ्या लेखात हे काम किती चोख होते ते पाहायला लांब जायला नको. लोनाडजवळच्या चौधरपाड्याला उत्तर कोकणचा शिलाहार राजा दुसरा केशिदेव याचा दानाचा शिलालेख सापडला. त्यावरचा काळ असा: शके ११६१, विकारी संवत्सर, माघ वद्य चतुर्दशी, शिवरात्र. आता पडताळा पाहा. दक्षिणेकडच्या रीतीने शकात बारा मिळवून साठाने भागले की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. ११६१ अधिक १२ म्हणजे ११७३. साठाने भागून बाकी ३३. प्रभवापासून तेहतिसावे संवत्सर विकारीच. चतुर्दशी आणि शिवरात्र यांचाही मेळ बसतो, आणि महिना 'माघ' म्हटला आहे म्हणजे लिहिणारा अमावास्येला महिना संपवणारा होता, हेही कळते. सगळे मिळून दिवस निघतो २४ जानेवारी १२४०. चंद्राचे गणित आजपासून मागे नेले तरी अमावास्या त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या आसपास येते.

इथे कालगणना लिपीची किल्ली म्हणून वापरलेली नाही. अक्षरे आधी वाचली, मग त्यांतल्या एका विधानाला दुसऱ्या विधानासमोर उभे केले. त्यांतले कोणतेही खोटे ठरू शकले असते. शक आणि संवत्सर जुळले नसते, किंवा चतुर्दशीच्या दिवशी गणिताने पौर्णिमा निघाली असती, तर वाचनात चूक आहे किंवा लेखच बनावट आहे असे म्हणावे लागले असते. बनावट ताम्रपट कित्येकदा असेच उघडे पडले आहेत: वार एक सांगतो, तिथी दुसरेच. भिवंडी तालुक्यातच भादाणे इथे शिलाहार अपराजिताचा शके ९१९ चा ताम्रपट मिळाला, त्याचे संपादन प्राच्यविद्यापंडित कीलहॉर्न यांनी केले. शिलालेखांतल्या मितींचा गणिती पडताळा हे त्यांच्या पिढीचे मोठे काम. आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर १८९६ मध्ये त्यासाठी कोष्टकांचे पुस्तक सिद्ध केले, आणि त्याच वर्षी त्यांचा मराठीतला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आला. फसण्याचा धोका पत्करल्यावर जे टिकते ते प्रमाण, ही या मंडळींची शिस्त. तीच मला न वाचलेल्या लिपीला लावायची आहे.

३. मामारी: जुळणी पटते ती का

रोंगोरोंगोचा बाहेरच्या जगाला पत्ता लागला तो १८६४ मध्ये, एजेन एरो या फ्रेंच धर्मप्रचारकामुळे. त्याला घराघरांत चिन्हे कोरलेल्या लाकडी पाट्या दिसल्या. पण तोवर घात झालेला होता. १८६२–६३ मध्ये पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी बेटावरची सुमारे दीड हजार माणसे पळवून नेली. जाणकार त्यांत गेले, परतलेल्यांनी देवी आणली, आणि १८७७ मध्ये बेटावर १११ माणसे उरली. पाट्याही आज जगभरात मिळून पंचवीसेकच आहेत. ओळी उलटसुलट चालतात: एक ओळ संपली की पाटी फिरवून पुढची वाचायची.

यांतली 'मामारी' नावाची पाटी रोममध्ये एका धर्मसंघाकडे आहे. दोन्ही बाजूंना चौदा-चौदा ओळी, एकूण चिन्हे हजाराच्या घरात. जर्मन संशोधक टॉमस बार्थेल यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की तिच्या एका बाजूच्या तीनेक ओळींत चांद्रमासाच्या रात्री आहेत. १९९० मध्ये जाक गी यांनी त्या भागाची पुन्हा कसून तपासणी केली.

चंद्रकोरी तीसच्या आसपास आहेत एवढ्यावर हे उभे असते तर मी ते बाजूला ठेवले असते. तसे नाही. बेटाच्या जुन्या भाषेतल्या रात्रींच्या नावांची यादी पाटीशी काही संबंध नसताना नोंदली गेली होती: अमेरिकन आरमारातले विल्यम टॉमसन यांनी १८८६ च्या भेटीत, आणि १९३४–३५ च्या मोहिमेत आल्फ्रेड मेट्रो यांनी. त्या यादीला एक विचित्र घडण आहे. काही रात्रींना स्वतःची नावे आहेत, पण मधे 'कोकोरे' नावाच्या रात्री नुसत्या क्रमांकाने येतात: कोकोरे एक, कोकोरे दोन अशा. पौर्णिमेच्या आधी त्या सहा आहेत आणि नंतर पाच. शिवाय दोन रात्री अशा की त्या गरज पडली तरच धरायच्या. आता पाटी पाहा. साध्या चंद्रकोरींचे गट पौर्णिमेच्या चिन्हाच्या अलीकडे आणि पलीकडे असेच बसतात. गटांच्या सुरुवातीला एक ठरलेला चिन्हसमूह येतो, त्यात एक मासा आहे. चंद्र वाढत असताना त्याचे डोके वर, घटताना खाली. आणि पौर्णिमेच्या चिन्हात एक बसलेली आकृती आहे, तिचा संबंध चंद्रावर भट्टी पेटवणाऱ्या म्हातारीच्या बेटावरच्या कथेशी लावला जातो.

सहा आणि पाच. इथे माझा विश्वास बसतो. आकाशात असे काही नाही की ज्यामुळे पौर्णिमेआधी सहा बिननावाच्या रात्री याव्यात आणि नंतर पाच. ही त्या बेटाची लहर आहे, त्या लोकांची सवय आहे. ती यादीत आहे आणि लाकडातही आहे, आणि यादी लिहून घेणाऱ्यांनी ती लाकडावरून घेतलेली नव्हती. चौधरपाड्याच्या दगडावर शक आणि संवत्सर एकमेकांचे साक्षीदार होते; इथे बेटावरच्या माणसांची तोंडची यादी आणि पाटी आहेत.

४. आणि पुढे वाट बंद का होते

एवढे झाल्यावर लिपी उलगडायला हवी होती. नावे ठाऊक, त्यांची जागा ठाऊक. नावातला ध्वनी चिन्हाला लावायचा आणि तो उरलेल्या पाट्यांवर चालवून पाहायचा. हे अनेकांनी करून पाहिले आणि ते चालले नाही. कारण उघड आहे. साध्या कोकोरे रात्रीसाठी पाटीवर नुसती कोर आहे. 'कोकोरे' हा शब्द तिथे अक्षरांनी लिहिलेला नाही. पाहणाऱ्याला नाव आधीच पाठ आहे, कोर त्याला फक्त जागा दाखवते. असा लेख पाठांतराला आधार देतो, उच्चार नोंदत नाही. त्यामुळे ज्या भागाचा अर्थ आपल्याला सर्वांत जास्त कळतो, तोच भाग ध्वनींबद्दल सर्वांत कमी बोलतो. रोंगोरोंगो ही ध्वनिलिपी आहे की नाही, हेही त्यावरून ठरत नाही.

याच पाटीच्या इतिहासात याचा आणखी एक पुरावा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ताहितीचे बिशप जोसाँ यांनी मेटोरो नावाच्या बेटवासीयाकडून पाट्या 'वाचून' घेतल्या आणि ते पाठ लिहून ठेवले. त्यात मामारीही होती. मेटोरोने चिन्हे काय दिसतात त्याची वर्णने गायली. हा महिन्याच्या रात्रींचा भाग आहे हे त्याच्या लक्षात आल्याचे त्या पाठात दिसत नाही. बेटावर जन्मलेल्या माणसाला जे दिसले नाही ते बार्थेल यांना ऐंशीएक वर्षांनी दिसले, कारण त्यांनी यादी आणि पाटी शेजारी ठेवली. पद्धत काय करू शकते ते इथे दिसते, आणि तिची हद्दही दिसते.

अशीच हद्द लाकडाच्या काळालाही आहे. २०२४ मध्ये रोममधल्या चार पाट्यांच्या लाकडाचा कार्बन-काळ प्रसिद्ध झाला. त्यांतली एक पंधराव्या शतकाच्या शेवटाकडची निघाली, म्हणजे युरोपीय जहाजे बेटाला लागण्याच्या दोन शतके आधीची. यावरून लिपी बेटावरच स्वतंत्रपणे जन्मली असे अनेकांनी म्हटले. ते खरे असू शकेल. पण तो काळ झाड तुटल्याचा आहे, कोरल्याचा नाही.

५. मुंबईतला मासा

आता तोच मापदंड आपल्या दाराशी लावू. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर हेन्री हेरास यांनी १९५३ च्या ग्रंथात सिंधू लिपीतल्या माशाच्या चिन्हाला द्रविड भाषांतला 'मीन' हा शब्द लावला. त्याचा अर्थ मासाही होतो आणि ताराही. पुढे फिनलंडचे आस्को पारपोला यांनी हा धागा वाढवला: सहा रेघा आणि मासा म्हणजे कृत्तिका, सात रेघा आणि मासा म्हणजे सप्तर्षी. जुन्या तमिळमध्ये या तारकापुंजांना सहा-मीन, सात-मीन अशा अर्थाची नावे खरोखरच आहेत.

या कल्पनेचे सौंदर्य मला मान्य आहे. हेरास यांची बुद्धिमत्ता आणि पारपोलांची आयुष्यभराची मेहनत यांबद्दल आदरच आहे. तरीही मामारीशेजारी ठेवली की ती उणी पडते. बाहेरची यादी इथे आहे, पण ती सिंधू मुद्रांनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी, हजारभर मैलांहून दूर दक्षिणेला नोंदलेली. मामारीच्या बाबतीत हे अंतर तुलनेने फार थोडे आणि त्याच बेटावरचे होते. दुसरे, सिंधू लेख सरासरी पाचेक चिन्हांचे. सत्तावीस नक्षत्रे ओळीने आली आहेत असा लेखच नाही; म्हणून क्रमाची साक्ष काढता येत नाही. तिसरे, सहा आणि सात या संख्या पहिल्या भागात सांगितलेल्या स्वस्त संख्यांतल्याच. तीन रेघा दिसल्या तर मृगशीर्ष पुढे येते. कोणती संख्या आली असती तर ही कल्पना कोसळली असती, याचे उत्तर मला सापडत नाही. हे अनुमान म्हणून नोंदवावे. शोध म्हणून शिकवू नये.

दायमाबादचा दाखला इथे कोणी देईल. प्रवरेकाठच्या त्या उत्खननात उत्तर-हडप्पा थरात सिंधू चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा आणि खापरे मिळाली, म्हणजे ही चिन्हे महाराष्ट्रापर्यंत पोचली होती. पण इतक्या थोड्या चिन्हांवर कालगणना उभी राहत नाही.

याउलट कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत निशा यादव, मयंक वाहिया यांनी इरावतम महादेवन आणि राजेश राव यांच्याबरोबर जे केले ते मला अनुकरणीय वाटते. महादेवन यांच्या १९७७ च्या सूचीतली ४१७ चिन्हे धरून त्यांनी चिन्हांच्या क्रमातला नियमितपणा मोजला. २००९ मध्ये निष्कर्ष छापला, त्यावर कडक टीकाही झाली. पण त्यांनी एकही शब्द 'वाचल्याचा' आव आणला नाही. जेवढे मोजले तेवढेच म्हटले.

दोन न वाचलेल्या लिपी एकमेकींवर टेकवण्याचा मोह तर पार जुना आहे. १९३२ मध्ये हेवेशी नावाच्या हंगेरियन अभ्यासकाने सिंधू आणि रोंगोरोंगो चिन्हे शेजारीशेजारी मांडली आणि त्या सारखेपणाने विद्वानही दिपले. दोहोंमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षे आणि निम्मे जग आहे. हजारभर चित्रांतून शंभर सारखी निवडली तर सारखेपणा दिसणारच. उरलेली नऊशे कोणी दाखवत नाही.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप वजनदार आहे: माया लिपीत कालगणनेनेच वाट उघडली ना? एर्न्स्ट फ्योर्स्टमान यांनी ड्रेस्डेनच्या ग्रंथालयातल्या पोथीवरून १८८० नंतरच्या वर्षांत माया कालगणना उलगडली, हे खरे. पण अक्षरे वाचण्याचा मार्ग युरी क्नोरोझोव्ह यांनी दाखवला तो १९५२ मध्ये. मधल्या सत्तर वर्षांत कालगणनेने मदत केली तशी दिशाभूलही केली. एरिक टॉम्पसन यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने ठरवून टाकले की या लेखांत काळाची उपासना आहे, राजांचा इतिहास नाही. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोव्ह यांनी दाखवले की पिएद्रास नेग्रास इथल्या तारखांमधली अंतरे माणसाच्या आयुष्याएवढी आहेत: जन्म, राज्यारोहण, मग पुढचा राजा. तारखा पूर्वीपासून वाचता येत होत्या. त्या कशाच्या तारखा, हे कळत नव्हते. जे वाचता येते तेच लेखाचे सार, असे मानण्याची ही चूक आहे, आणि रोंगोरोंगोच्या बाबतीत ती टाळायला हवी. मामारीवर तीन ओळी पंचांगाच्या आहेत म्हणून उरलेल्या पंचवीस ओळी आकाशाच्या ठरत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा. टिळकांनी 'ओरायन'मध्ये, १८९३ साली, वैदिक सूक्तांतून प्राचीन वर्षारंभ काढला. दीक्षितांनी शतपथ ब्राह्मणातल्या कृत्तिकांच्या उल्लेखावरून त्याचा काळ इसवी सनापूर्वी तीन हजारांच्या आसपास नेला. आकाशावरून काळ काढण्याची ही परंपरा आम्ही टाकून द्यायची का? मुळीच नाही. पण त्या दोघांसमोर ज्याचे प्रत्येक अक्षर वाचता येते असा मजकूर होता, आणि तरीही त्या निष्कर्षांवरचा वाद आजवर मिटलेला नाही. जिथे शब्द ठाऊक आहेत तिथे ही अवस्था, तर जिथे चिन्ह कोणते आणि नक्षी कोणती हेही ठरलेले नाही, तिथे किती सावध असावे?

तिसरा आक्षेप मनापासून घेतला जातो: इतकी कडक शिस्त लावली तर हौशी माणसाने काही करायचेच नाही का? करावे, आणि झालेलेही आहे. लेनिनग्राडमध्ये बोरिस कुद्र्यावत्सेव्ह या शाळकरी मुलाने तिथल्या संग्रहालयातल्या दोन पाट्या पाहताना ओळखले की दोन्हींवर एकच मजकूर आहे. तोच मजकूर पुढे चिलीतल्या एका पाटीवरही निघाला. दुसऱ्या महायुद्धात तो गेला, त्याचे काम नंतर छापले गेले. रोंगोरोंगोबद्दल जे थोडे पक्के ज्ञान आहे त्यात या मुलाची भर मोठी आहे. त्याने काहीच वाचले नव्हते. कोणालाही पाट्या शेजारी ठेवून तपासता येईल असे एक विधान त्याने केले, आणि ते खरे निघाले.

७. करण्यासारखे

ही शिस्त शिकायला ईस्टर बेटावर जायला नको. चौधरपाडा आणि भादाणे भिवंडी तालुक्यातच आहेत, आणि ठाणे जिल्ह्यात शिलाहारांचे मितीवार लेख आणखीही आहेत. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला मिती पडताळायला आपण क्वचितच शिकवतो. त्याला शके आणि सन यांतला अठ्ठ्याहत्तरचा फरक सांगून मोकळे होतो, आणि माघ-फाल्गुनातल्या लेखाला तो एकोणऐंशी होतो हेही सांगत नाही. केशिदेवाच्या लेखात नेमके तेच घडते: ११६१ मध्ये अठ्ठ्याहत्तर मिळवले तर १२३९ येतात, दिवस मात्र १२४० मधला आहे.

भिवंडी, कल्याण, ठाण्याच्या महाविद्यालयांनी आपल्या तालुक्यातल्या लेखांच्या मिती विद्यार्थ्यांकडून एकदा तरी हाताने काढून घ्याव्यात. स्यूएल आणि दीक्षितांची कोष्टके आजही चालतात, संगणकही हाताशी आहे. चौधरपाड्याचा लेख पहिला घ्यावा. त्याचे उत्तर ठाऊक आहे, त्यामुळे चूक कुठे झाली ते विद्यार्थ्याला स्वतःलाच कळेल.